स्वयंपाकघरातली घंटी

इंदूने कणीक मळायला घेतली तेव्हा चहा उतू जायच्या बेतात होता. तिने गॅस बारीक केला आणि कप ओट्यावर मांडला. बाहेर क्लासला निघालेल्या मुलांच्या सायकली वाजत होत्या. पलीकडच्या डाळमिलचा भुसा वाऱ्यावर उडत येऊन खिडकीच्या काठावर बसला होता, तो तिने पुसला. चहा कपात ओतला. पहिला घोट घेणार तोच डोक्यावरची घंटी वाजली.

कप खाली ठेवून ती मधल्या खोलीतून लगबगीने पलीकडे गेली. दार लोटल्यावर तिला आठवलं.

खोली रिकामी होती. पलंग तेराव्यानंतर गावी पाठवला होता. राहिली होती ती एक सुती दोरी. आत्याबाईंच्या, म्हणजे तिच्या सासूबाईंच्या, अंगावरून वारं गेलं तेव्हा इंदूच्या नवऱ्याने, बापूसाहेबांनी, ती पलंगापासून चौकटींवरून नेऊन स्वयंपाकघरातल्या घंटीला बांधली होती. घंटी गावाकडच्या बैलाच्या गळ्यातली. चालता हात होता, त्याने आत्याबाई तीन वर्षं ती दोरी ओढत राहिल्या. पलंग हलवताना कुणीतरी दोरीचं टोक खिडकीच्या कडीला बांधून ठेवलं. आता वाऱ्याने झडप हलली की घंटी वाजे आणि इंदू हातातलं टाकून धावे.

भेटायला येणारे सगळे एकच बोलत. "सुटल्या बघा बिचाऱ्या." इंदू मान हलवी. तीही सुटली, असं मात्र कुणी म्हटलं नाही. पहिल्या रात्री सलग झोप लागली, तेव्हा सकाळी उठून तिला स्वतःचीच लाज वाटली होती. मुदखेडची बहीण दीपमाला दर आठवड्याला फोन करी, "ताई, आता तरी ये की. आता काय अडचण हाय?" इंदू म्हणे, "जमणार नाही गं." कारण विचारलं की तिला सांगता येत नसे.

ती परतली तोवर चहावर साय धरली होती. तेवढ्यात घंटागाडीचं गाणं गल्लीत शिरलं.

*उघड गं दार बाई, दारी आलंय ऊन,*
*रातीचं ओझं दे रातीलाच देऊन.*

"काय ही कविता!" आतून बापूसाहेबांचा आवाज आला. जन्मभर मराठी शिकवून ते निवृत्त झाले होते. "रातीचं ओझं म्हणे. ओला कचरा म्हणा सरळ."

इंदू बादली घेऊन दारात आली. शेजारच्या लक्ष्मम्मा आधीच उभ्या होत्या. देगलूरहून लेकाकडे येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती.

"अय्यो, हे गाणं माझ्या गुडघ्यालाच सांगतंय बघा," त्या म्हणाल्या. "ऊन आलंय, दारात बस म्हणतंय. मी बसते. बरं वाटतं."

गाडीबरोबर चालणारी केवळाबाई बादली रिकामी करता करता हसली. "तुमचा गुडघा ऱ्हाऊ द्या, मावशी. मला तर वाटतंय, माझ्या मालकालाच सांगून राहिलंय. रातीची रातीलाच उतरव म्हणतंय, मग ये दारात!"

"ऐकतो का तो?" लक्ष्मम्मांनी विचारलं.

"तो कशाचा ऐकतोय! मीच ऐकते. रोज घरून निघताना त्याचं ओरडणं डोक्यात घेऊन निघते, अन् दुसऱ्या गल्लीपर्यंत गाण्यासंगं सोडून देते. न्हाईतर दिवस जायचा कसा?" तिने इंदूची बादली परत दिली. "अन् ताई, तुमाला काय सांगतंय हो?"

"मला?" इंदू थांबली. "मी आपली नुसतीच ऐकते."

"ऐका, ऐका. लई गुणाचं हाय," केवळाबाई म्हणाली आणि गाडी पुढे सरकली.

इंदू दारातच उभी राहिली. गाडी वळणावर गेली तरी त्या दोन ओळी ऐकू येत होत्या. लिहिणाऱ्याच्या मनात केराशिवाय काही नसेल, हे तिला कळत होतं. तरी इतक्या दिवसांत जे कुणीच म्हटलं नव्हतं, ते ही गाडी रोज दारात येऊन म्हणत होती, तेही ओरडून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

आत घंटी वाजली. यावेळी इंदू धावली नाही. ती सावकाश चालत न्हाणीघराकडे गेली, तिथलं स्टूल उचललं आणि स्वयंपाकघरात आणून घंटीखाली ठेवलं.

बापूसाहेब पेपर हातात घेऊन दारात आले. स्टुलाकडे आणि वर घंटीकडे त्यांनी पाहिलं. ते काहीतरी म्हणतील म्हणून इंदू एक पाय स्टुलावर ठेवून थांबली.

त्यांनी पेपर ओट्यावर ठेवला. "त्याचा एक पाय आखूड आहे," ते म्हणाले. "चढ. मी धरतो."

गाठ फार जुनी होती. नखांनी उकलायला वेळ लागला, पण तिने कात्री मागितली नाही. घंटी तिने ओट्यावर पितळेच्या भांड्यांत ठेवली. दोरी बापूसाहेबांनी खिडकीच्या कडीपासून सोडवून चौकटींवरून ओढून घेतली आणि तळहातावर गुंडाळत राहिले, शेवटचं टोक हाती येईपर्यंत.

"आईला..." ते म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी गुंडाळी सुक्या कचऱ्याच्या बादलीत ठेवली. "गाडी तर गेली आजची."

"उद्या येईल की," इंदू म्हणाली. "आणि दीपमालाला कळवा, मी परवा येतेय म्हणून. आठ दिवस राहीन."

"बरं."

तिने नवा चहा टाकला आणि कप घेऊन दारात, उन्हात जाऊन बसली. वाऱ्याने खिडकीची झडप एकदा आपटली. शेवटच्या घोटापर्यंत चहा गरम होता.