नंतरचं खोकं

दोन वाजायला चार मिनिटं होती आणि दाग्मारा घड्याळाखालून हलायला तयार नव्हती. हातात कात्री, पायाशी खोकं. खोक्यावर तिच्याच अक्षरात तिच्या भाषेतला एकच शब्द लिहिलेला: पोतोम. म्हणजे नंतर. तीन शहरं फिरून आलेलं हे खोकं एकदाही उघडलं नव्हतं.

बर्फावरच्या हॉकीच्या संघांना खेळाडूंची अदलाबदल करायची ती आज दुपारी दोनपर्यंतच. एकदा दोन वाजले की हंगाम संपेपर्यंत कुणी कुणाला हलवू शकत नाही. दाग्माराच्या नवऱ्याला, ओंद्रेयला, दोन वर्षांत दोनदा हलवलं होतं. कॅनडातलं सास्काटून हे तिसरं गाव. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणतात. पण विंचवाला निदान पोरं शाळेत घालायची नसतात.

समोरच्या खुर्चीत डोरीन फ्रीसन कॉफीचा कप धरून बसली होती. नव्यानं आलेल्या खेळाडूंचे संसार मांडून देणं, हे क्लबमधलं तिचं काम. एकोणीस वर्षं तेच. हे घर तिनंच शोधलेलं, पडदे तिनंच निवडलेले, बर्फात रुतलेली गाडी कशी काढायची तेही दाग्माराला तिनंच शिकवलेलं. आणि दाग्माराच्या मुलीची, नेलाची शाळा. सहा वर्षांची नेला इथं आली तेव्हा घराबाहेर तोंड उघडायची नाही. डॉक्टर म्हणाले, पोरीला एका जागी राहू द्या, बाकी औषध नाही. डोरीननं गावातल्या सगळ्या शाळा पालथ्या घातल्या आणि एक समजूतदार बाई शोधून काढली. गेल्या महिन्यात नेला वर्गात पहिल्यांदा बोलली. "आता माझी पाळी," म्हणाली. दाग्मारानं ते फोनवर सांगितलं तेव्हा दोघीही रडल्या होत्या.

आज सकाळी क्लबमधून डोरीनला फोन आला होता. शुक्रवारपर्यंत एक घर हवं. डावीकडून बचाव करणारा खेळाडू, बायको, दोन मुलं, एक कुत्रा. कोण येतंय तेवढंच सांगितलं. जातंय कोण, ते एकोणीस वर्षांनंतर विचारावं लागत नाही. डावीकडून बचाव करणारा ओंद्रेयच होता. बाहेर अवाक्षर गेलं तर नोकरी गेली, हेही तिला कुणी नव्यानं सांगायला नको होतं. डोरीननं तोंडात मिठाची गुळणी धरली. बातमी येईल तेव्हा दाग्मारा एकटी नको, असं स्वतःला बजावत ती इकडं निघाली. वाटेत एका दुकानाशी थांबली, तेवढंच.

दोन वाजले.

"सुटलो बाई," दाग्मारा म्हणाली आणि खाली वाकली.

डोरीनला ठाऊक होतं. दोनच्या आत ठरलेले सौदे दोननंतरही अर्धा-पाऊण तास कळत राहतात. फोनची रांगच तेवढी असते. दाग्माराला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"थोडं थांबतेस का?" डोरीन म्हणाली.

"आता कशाला? वाजले ना दोन?"

"वाजले," डोरीन म्हणाली.

खोक्यातून लाकडाची एक लांब पट्टी निघाली. तिच्यावर नेलाच्या उंचीच्या खुणा होत्या, पहिल्या वाढदिवसापासून चौथ्यापर्यंत. पुढं कोऱ्या लाकडाशिवाय काही नव्हतं. नेला रोज विचारायची, मला कधी मोजणार, आणि दाग्मारा रोज तेच सांगायची, खोक्यावर लिहिलेलं. आज पट्टी भिंतीवर चढली. खालचं टोक डोरीननं धरलं, वरचे स्क्रू दाग्मारानं पिळले. पट्टी सरळ आहे का म्हणून तिनं दोनदा विचारलं. सरळ होती.

दोन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. ओंद्रेयचा होता. दाग्मारानं सगळं ऐकून घेतलं, मधे दोनदा नुसतं हो म्हणाली. सहाचं विमान होतं त्याचं. तिनं आणि नेलानं मागून यायचं.

फोन ठेवून ती भिंतीपाशी गेली आणि स्क्रू काढायला लागली. पट्टी परत खोक्यात गेली. खोक्याची झाकणं काही केल्या मिटेनात, म्हणून ती चिकटपट्टी शोधायला लागली. एक खण उघडला, दुसरा उघडला, तिथं नव्हती.

डोरीनचा हात मनाच्या आधी पिशवीत गेला. एकोणीस वर्षांची सवय ती. कोरं करकरीत रीळ तिनं टेबलावर ठेवलं, आणि ठेवल्यावर तिला कळलं.

दाग्मारा त्या रिळाकडं बघत राहिली. दुकानाची पावती अजून त्याला चिकटलेली होती.

"कॉफीला येताना चिकटपट्टी आणलीत?"

डोरीन नखानं पावती खरवडून काढायला लागली.

"कधीपासून ठाऊक होतं?"

"सकाळपासून."

"आणि तरी खालचं टोक धरून उभ्या राहिलात."

डोरीन नोकरीचं काहीतरी बोलायला लागली. तिचं तिलाच ऐकवेना, तेव्हा थांबली. दाग्मारानं खोकं बंद केलं, हातानं दाबून चिकटपट्टी नीट बसवली. खोक्यावर नवीन काही लिहायची गरजच नव्हती.

"नेलाला आज तुम्ही आणा शाळेतून," ती पाठमोरीच म्हणाली. "शाळा तुम्हीच शोधलीत."

नेला गाडीत बसली ती बोलतच. वर्गातला ससा बाकाखाली शिरला होता. बाईंनी तिला मोठ्यानं वाचायला सांगितलं होतं आणि तिनं पूर्ण पान वाचलं होतं. एकही शब्द न चुकता, असं तिनं दोनदा सांगितलं. डोरीन नुसती हं हं करत होती.

"दोन वाजले की आई पट्टी लावणार होती. लावली?"

"लावली होती," डोरीन म्हणाली.

"मग घरी गेल्या गेल्या मोजायचं ना मला?"

दुसरा एखादा शब्द सुचावा म्हणून डोरीननं खूप धडपड केली, पण सुचला नाही.

"नंतर," ती म्हणाली.

नेलानं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग खिडकीकडं तोंड फिरवलं. थंडी वाजते का, भूक लागली का, सशाचं पुढं काय झालं, डोरीननं वाटेत सगळं विचारून पाहिलं. घर येईपर्यंत नेला एक शब्द बोलली नाही.