पहिली उडी

"पुठ्ठ्याची खोकी मीच रचणार," मी म्हणालो. तीस वर्षं मारामारीच्या सिनेमांत हिरो होतो. सात हाडं मोडून घेतली, पण माझे कपडे घालून दुसऱ्या कुणाला उडी मारू दिली नाही. आज दुसऱ्या मजल्यावरून शेवटची उडी होती आणि खाली पडायला रिकाम्या खोक्यांची गादी करायची होती.

"पप्पा, फाइट मास्टर मी आहे," माझी मुलगी मुक्ता म्हणाली. "तुम्ही खुर्चीत बसा."

"पोरी, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी इमारतींवरून पडतोय."

"म्हणूनच म्हणते, बसा."

तिनं एकेक खोकं दाबून पाहिलं, ओलसर होती ती बाजूला काढली, बाकीची रचली आणि शिडी चढायला लागली. आमच्या धंद्यातला जुना नियम आहे. खोकी जो रचतो, त्यानं आधी स्वतः उडी मारून दाखवायची. तो तिला मीच शिकवला होता.

ती कठड्यावर उभी राहिली. तिची आई माझ्या सिनेमाला डोळे मिटून का बसायची, ते तेव्हा कळलं. मी मात्र उघड्या डोळ्यांनी पाहिलं. मुक्ता बरोबर मधोमध पाठीवर पडली, उठली आणि चेपलेली खोकी बदलायला लागली.

मी वर गेलो. खालून दिग्दर्शकानं विचारलं, "साहेब, तयार?"

"मला काय विचारता?" सगळ्या युनिटला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो. "मास्टरना विचारा."