काकूंची कादंबरी

“सासू काशीले गेली तिथून वाच,” हंसाबाई म्हणाली. “मागचं समदं आमाले पाठ आहे.”

ओसरीवर ती वाती वळत होती. शेजारची सुग्राबी तिला कापसातली सरकी काढून देत होती. नंदाची आई होती तेव्हाही दोघी अशाच बसायच्या, दिग्रसमधली दुपार टळेपर्यंत. आता आईची जागा तेवढी त्यांनी मोकळी सोडली होती.

तेराव्याला येऊन दोघींनी नंदाकडे एकच मागणं केलं होतं. काकू, म्हणजे नंदाची आई, रोज दुपारी पुण्याच्या त्या नावाजलेल्या लेखकाची कादंबरी सांगायच्या. ती अर्धी राहिली. शेवट तेवढा वाचून दाखव. दोघींना अक्षर येत नव्हतं, पण लेखकाचं नाव त्या घरच्या माणसासारखं घेत. काल नंदा यवतमाळला जाऊन वाचनालयातून पुस्तक घेऊन आली.

हेच पुस्तक आईनं दोनदा पत्रातून मागितलं होतं. ‘असलं काय वाचतेस?’ असं लिहून नंदानं दोन्ही वेळा दुसरंच काही पाठवलं होतं. त्या लेखकाची एक ओळही तिनं स्वतः तोवर वाचली नव्हती.

तिनं पानं चाळली. नायक डॉक्टर होता. नायिका कॉलेजात शिकत होती आणि टेनिस खेळत होती.

“यात सासू नाहीच,” ती म्हणाली.

“कशी राहीन? काशीले नाही का गेली! मीच म्हनलं होतं, काकू, थे सासू लय डोक्यावर बसली, तिले कुठी तरी धाडा. दुसऱ्या दिवशी गेली ना बिचारी.”

नंदाचा हात पानावर थांबला.

“और मैं बोली थी, मरद को मत मारना,” सुग्राबी म्हणाली. “मागच्या कहाणीत मेला तं मी दोन दिवस जेवली नाही. काकू म्हणे, बरं सुग्राबी, हा नाही मरनार.”

“मरते कायचा! त्याचं करंगळीवरच भागलं.” हंसाबाई हसली. “कापसाच्या जिनातला मिस्तरी न थो. अर्धी करंगळी मशिनीत गेली. साडेनऊ बोटाचा हिरो! मी म्हनलं, काकू, पुण्याचे लोक असा हिरो करतेत? त काकू म्हणे, करतेत.”

“कोणत्या हाताची?” नंदानं विचारलं.

“डाव्या. पाह्य ना त्याच्यात, लिहिलंच असन.”

नंदानं पुस्तकात पाहिलं. अक्षरं काही तिला लागेनात.

“बाई विधवा,” हंसाबाई सांगू लागली. नंदाला पान सापडावं म्हणून ती सावकाश सांगत होती. “एक पोरगी पदरात. सासू काशीले गेली, तवा थो मिस्तरी आला. बसला नाही. दारातच उभा राहून म्हणे, माह्या घरी या, दोघी या, लग्न लावून नेतो. बाई म्हणे, पोरीले इचारून सांगतो. अन् तवाच काकूले ठसका लागला. म्हणाल्या, आता उद्या.” तिनं हातातली वात खाली ठेवली. “मंग? पोरगी काय म्हनली?”

तेव्हा वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. नंदा अकराची होती. जिनातल्या वामनराव मिस्त्रींनी दारात उभं राहून तिच्यापुढे पिकलेला जांब धरला होता, आणि त्यांचं आखूड बोट बघून तिनं हात मागे घेतला होता. संध्याकाळी वेणी घालता घालता आईनं काहीतरी विचारलं होतं. चेहरा दिसत नव्हता. आई पाठीमागे होती.

“वाच नं, बेटी,” सुग्राबी म्हणाली.

नंदानं पुस्तक जरा वर धरलं.

“पोरगी म्हणाली, त्या माणसाच्या हातचं मी खाणार नाही. तो घरात आला तर मी निघून जाईन.”

हंसाबाई पुढे सरकली.

“मंग?”

“मग बाईनं त्याला नाही म्हणून सांगितलं. तो बल्लारशाला काम धरून गेला.”

“परत नाही आला?”

“नाही.”

“अन् बाई?”

“बाई तिथेच राहिली. पोरीला तिनं शिकवलं. पुन्हा ती त्याविषयी बोलली नाही. संपली गोष्ट.”

सुग्राबीनं ओढणीनं डोळे पुसले. मग तिनं कापसाचा पुंजका उचलला, आणि नुसताच हातात धरून ठेवला.

“लडकी को समझा क्या कभी? मोठी झाल्यावर?”

“ते यात लिहिलेलं नाही,” नंदा म्हणाली.

“लिहिन कायले? समजलंच नसन तिले.” हंसाबाईनं पुन्हा वात वळायला घेतली. “जळो थे पोरगी.”