वारा पडलेली सकाळ

पौषातल्या ढगाळ सकाळी वारा पडला. कारखान्याच्या छपरावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी लोंबकळली आणि ते पाहून कल्याणी खरात यंत्राकडे धावली. तिच्या रिअ‍ॅक्टरमधलं औषध अजून अर्धंच झालं होतं.

“पवनचक्क्या थांबल्या,” संगणक अदबीनं म्हणाला. “उरलेली वीज इस्पितळाला देतोय. ही बॅच वाया जाईल.”

“अरे, हे औषध तिथं माझ्या नवऱ्यालाच हवंय.”

“ठाऊक आहे, मॅडम. त्यांचा श्वासही याच विजेवर चाललाय.”

कोळशाचा बॉयलर मोडीत निघून कारखाना पवनचक्क्यांवर आला, तेव्हा पेढे तिनंच वाटले होते. खिडकीशी जाऊन, त्या नळीकडे बघत तिनं नकळत फुंकर मारली. काच तेवढी धूसर झाली.