या खेपेला कोण मेलं?

“या खेपेला कोण मेलं?” बाड हातात घ्यायच्या आधीच ताईने विचारलं.

“वाच की,” तिचा लेखक भाऊ म्हणाला.

ती शिवणयंत्रामागे बसली होती. गळ्यात टेप, बोटांना खडू. शेजारच्या टेबलावर राखाडी लोकरीचं कापड पसरलेलं, वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या हिवाळ्याच्या कोटाचं. खुणा करून झाल्या होत्या, कात्री लावायची तेवढी राहिली होती. कात्री लावायच्या आधी ताई नेहमी थोडी थांबायची. एकदा कापड कापलं की तो कोट आपणच पुरा करायचा, असा तिचा नेम होता. तिच्या खुणा दुसऱ्या हाताला कळत नसत.

तिने बाड उलटं केलं. सवयच तिची. कपडा हातात आला की आधी उलटी बाजू बघायची, शिवण बघायची. भावाचं पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान. एकतीस रहस्यकथा तिने अशाच वाचल्या होत्या. “कोण जाणार ते आधी कळू दे,” म्हणायची, “म्हणजे कुणाला जीव लावायचा नाही ते ठरवते.” आणि तरी नेमकी जाणाऱ्यालाच जीव लावून बसायची. एका म्हाताऱ्या पोस्टमनसाठी तर तिने दोन दिवस भावाशी अबोला धरला होता.

“सोड रे त्याला. तुझं काय घोडं मारलंय त्याने?”

“ताई, कुणी मेल्याशिवाय माझी गोष्ट हलत नाही.”

“मारेकरी मेला!”

त्याने पोस्टमनला सोडलं नव्हतं. एकतीस पुस्तकांत कुणालाच सोडलं नव्हतं.

सहा आठवड्यांपूर्वी दवाखान्याच्या जिन्यात डॉक्टर हळू आवाजात बोलले होते. चार महिने. फार तर. खाली बाकावर ताई बसली होती. शेजारच्या अनोळखी माणसाच्या शर्टाचं लोंबतं बटण तिला बघवलं नव्हतं, पर्समधला सुईदोरा काढून ती टाका घालत होती.

“काय म्हणाले?”

“तुझ्या आतड्याला सूज आहे. गोळ्यांनी उतरेल.”

“बरं,” ताई म्हणाली, आणि दाताने दोरा तोडला.

रिपोर्ट त्याने जाडजूड शब्दकोशात दडवला. बायकोला बजावलं, ताईसमोर डोळे पुसायचे नाहीत. आणि अर्धी झालेली रहस्यकथा खणात टाकून आयुष्यात पहिल्यांदा प्रेमकथा लिहायला घेतली. हात वळेना. दर दाराआड त्याला प्रेत दिसायचं. नायक फुलं घेऊन आला, तर फुलांत विष असेल असं त्यालाच वाटायचं. शेवटचं पान त्याने सगळ्यात आधी लिहिलं, कारण ताई तेच सगळ्यात आधी वाचणार. नायिका दुखण्यातून उठते. गच्चीवर येते. धुतलेले कपडे उन्हात वाळत घालते आणि गुणगुणते. बस, इतकंच. तेवढं एक पान त्याने सतरा वेळा लिहिलं.

प्रकाशकाने बाड चाळून खाली ठेवलं होतं. “साहेब, यात मरतंय कोण?”

“कुणीच नाही.”

“मग वाचणार कोण?”

बाड परत आलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. वाचणारी एकच होती, आणि ती आता समोर बसून वाचत होती.

ताईचं बोट ओळीवरून सरकत होतं, शिवण चाचपावी तसं. मनगट इतकं बारीक झालं होतं की घड्याळ कोपराकडे घसरत होतं. पान संपलं. ती हसली.

“गातेय की रे ही!”

“आवडलं?”

“छान लिहिलंयस. कपड्यांना उन्हाचा वास येतोय.”

त्याचा जीव भांड्यात पडला. ताईने आणखी पानं मागे उलटली. मग आणखी. शोधत असल्यासारखी.

“मधे कुणी?”

“नाही.”

“आणि हा पोस्टमन? हा तोच ना, माझा?”

“तोच. तो जगतो. पेन्शन घेतो, बाग करतो.”

ताईने चष्मा काढला. पदराच्या टोकाने काचा पुसल्या. पुसून झाल्या तरी पुसत राहिली.

“आई जायच्या आठवड्यात तू रोज गोष्ट मागायचास. सात वर्षांचा होतास. आठवतं?”

“हो. राक्षसाची.”

“एरवी मी रोज त्याचं मुंडकं उडवायचे. तू टाळ्या पिटायचास. त्या आठवड्यात एकदाही उडवलं नाही. राक्षससुद्धा औषध घ्यायचा, पांघरूण घ्यायचा, सकाळी बरा होऊन उठायचा.” तिने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “घरात तेव्हा मला एकटीलाच माहीत होतं.”

वरच्या मजल्यावर मास्तरीणबाईंची खुर्ची सरकली.

ताईने बाडाच्या कडा जुळवल्या, ते जपून बाजूला ठेवलं. मग राखाडी कापडावरून तळहात फिरवला, एकेका खुणेवरून, सावकाश. कात्री उचलली.

“किती दिवस सांगितलेत डॉक्टरांनी? खरं सांग,” ती म्हणाली. “हा कोट कापायचा की नाही, ते ठरवते.”