होडीला भोक

लाटेवर होडीचा मागचा भाग उचलला गेला, बाहेर टांगलेल्या जुन्या इंजिनाचा पंखा नुसताच हवेत गरगरला आणि भागुबाईचा नवरा समुद्रात पडला तो गेलाच. म्हणून तिनं मुंबईच्या आगबोटीतून होडीच्या पोटात बसणारं इंजिन आणवलं. पंख्याचा दांडा बाहेर काढायला मागच्या खांबाला भोक हवं, आणि त्याच खांबाला नारळी पुनवेला हळदकुंकू लागायचं. मुरुडच्या किनाऱ्यावर सुताराचा हात थबकला. कोळीवाड्याचा पाटील कडाडला, "होडी म्हंजे आपली लेक. तिला भोक पाडायचं न्हाय! पयल्यासारखंच भायेर टांग." भागुबाईनं सुताराच्या हातातलं गिरमिट हिसकावलं. "लेकींची नाकं टोचता, तवा त्या मरतात काय?" तिनं गिरमिट फिरवलं, भुसा पायांवर साचला, आरपार उजेड दिसला. मग कनवटीची नथ काढून भोकाच्या वर खिळ्यानं ठोकली. "माझी तुमी उतरवलीत, पाटील. आता हिची उतरवायला या!"