कै. मोतीराम

"हातानं तपासलेलं कोणतंही प्रूफ द्या," दीपमाला समोरच्या गर्दीला सांगत होती. "लाल शाईतल्या दुरुस्त्या मशीन स्वतः वाचते आणि फाइलमध्ये करून टाकते. अक्षर कसंही असू द्या."

अकोल्याच्या छपाई प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी याच स्टॉलवर होती. वऱ्हाडातले वीस-पंचवीस प्रेसवाले माना उंच करून पाहत होते. हरिहर जोशी मात्र तिला ओळखताच दोघांच्या पाठीमागे सरकले. चांदूर रेल्वेच्या त्यांच्या प्रेसमध्ये ती चार वर्षं कॉम्प्युटरवर बसायची. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच तिला काढलं होतं.

त्यांचा मुलगा सोहम तेव्हा पुण्यात शिकत होता. त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. मशीनची परीक्षा घ्यायची म्हणून प्रेसच्या फळीवरचा जुन्या प्रुफांचा गठ्ठा त्यानं निघताना उचलून आणला होता. गठ्ठा काखेत मारून तो थेट पुढं गेला.

"घ्या मॅडम. आमच्या बाबांचा हात आहे. चाळीस वर्षं झाली, प्रत्येक प्रूफ स्वतः तपासतात."

दीपमालानं वरच्या कागदावरचं अक्षर पाहिलं. मग मान वर करून गर्दीत नजर फिरवली. हरिहर दिसले तशी ती क्षणभर थांबली, आणि गठ्ठ्याची दोरी सोडू लागली.

सोहमला मात्र समोर एवढी माणसं पाहून चेव चढला.

"ही मशीन तीन वर्षं आधी यायला पाहिजे होती भाऊ! आमच्याकडे एक ऑपरेटर होती. लग्नाच्या पत्रिकेत नवरदेवाच्या जित्याजागत्या आजोबाले तिनं कैलासवासी करून टाकलं! श्री. मोतीरामचे झाले कै. मोतीराम! पाचशे पत्रिका वाटून झाल्या आन् बुढा काठी घेऊन प्रेसमध्ये हजर. म्हणे, मी मेलो कवा? मले काहून नाई सांगतलं कोनं?"

हशा पिकला. कोणीतरी टाळी दिली.

हा किस्सा हरिहरांचाच. लग्नांत, प्रेसवाल्यांच्या बैठकीत त्यांनी तो किती वेळा सांगितला होता त्याला गणती नव्हती. सोहम मध्ये थांबत होता तोही नेमका ते थांबायचे त्याच जागी. सवयीनं त्यांच्याही ओठांवर हसू आलं. दीपमाला तेव्हा त्यांच्याकडेच पाहत होती.

"मग त्या बाईचं काय झालं?" तिनं विचारलं.

"काय होणार? बाबांनी बुढ्यासमोरच तिला झापलं आणि त्याच दिवशी घरी धाडलं."

"अच्छा," ती म्हणाली आणि एकेक कागद उलटू लागली. सातव्या की आठव्या कागदावर तिचा हात थांबला.

एवढ्या लांबून हरिहरांना कागद दिसत नव्हता. पण तो कोणता ते त्यांना कळलं. 'श्री.'वर आडवी काट आणि शेजारी ठसठशीत लाल शाईत 'कै.' त्याच आठवड्यात दुसऱ्या एका वारलेल्या मोतीरामच्या तेरवीचं कार्ड प्रेसमध्ये होतं आणि त्यांच्याच डोक्यात घोळ झाला होता. "सर, प्रुफात तसंच होतं," असं ती तेव्हा म्हणाली होती. "उलट बोलू नको," ते ओरडले होते. चार दिवसांनी त्यांना हा कागद सापडला. त्यांनी तो फाडला नाही आणि कोणाला दाखवलाही नाही. गठ्ठ्याच्या मधोमध घालून वर दोरी बांधली. किस्सा सांगायला सुरुवात केली ती त्यानंतर.

कागद ठेवायची मशीनची काच तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर सगळ्यांना सगळं दिसलं असतं.

दीपमालानं तो कागद तळाशी सरकवला आणि पुढचा उचलला. एका दूध डेअरीचं बिल. मशीननं हरिहरांची लाल अक्षरं पटापट वाचली, दोन वेलांट्या बदलल्या, एक अनुस्वार दिला. टाळ्या पडल्या.

"काकांचं अक्षर एक नंबर हाय बरं!" शेजारचा माणूस म्हणाला.

गठ्ठा पुन्हा बांधून तिनं सोहमच्या हातात दिला. "तुमच्या बाबांनी सगळं जपून ठेवलं," एवढंच म्हणाली.

बाहेर चहाच्या टपरीवर सोहम मशीनचंच कौतुक करत होता. हरिहरांनी त्याच्याकडून गठ्ठा घेतला, तळातला कागद ओढून काढला आणि त्याच्यासमोर धरला.

"तू सांगितलीस ना, ती ऑपरेटर म्हणजे ही स्टॉलवरचीच. दीपमाला."

सोहमनं कागद वाचला. पुन्हा वाचला.

"हे अक्षर..."

"माझं."

सोहमनं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मी तिच्या तोंडावर सांगून राहिलो होतो बाबा," तो म्हणाला. "आन् तुम्ही हसून राहिले होते."

 कागद हातात घेऊन हरिहर आत वळले.

स्टॉलवर आता नवीन माणसं जमली होती, मघापेक्षाही जास्त. पांढरे केस पाहून लोकांनी वाट दिली. त्यांच्या हातातला कागद दीपमालानं लांबूनच पाहिला आणि ती बोलता बोलता थांबली. ते जवळ आले तसा तिनं कॉलरला लावलेला माइक बंद केला.

"बोला सर," ती हळूच म्हणाली.

"बंद नको करू," हरिहर म्हणाले. "चालू कर तो."